काचेला टेकलेला दांडा

"कापू का, आबा? आज नाही कापला, तर उद्या काच फुटेल."

निरंजन परचुरे वनस्पती उद्यानाचा अधीक्षक होता, आणि करवत घेऊनच आला होता. मोठ्या साहेबांचं असंच असतं. सल्ला विचारायला येतात तेव्हा निर्णय काखोटीला मारलेला असतो.

भिवाआबांनी वर पाहिलं. आबा इथले जुने माळी, आता निवृत्त. निरंजनला कुंडी भरायलासुद्धा त्यांनीच शिकवलं होतं.

काचघराच्या मधोमध घायपात उभं होतं. बांधावर असतं त्याचाच हा परदेशी भाऊ, एकेक पान माणसाएवढं. त्याच्या पोटातून निघालेला फुलोऱ्याचा दांडा महिन्याभरात छताला जाऊन टेकला होता.

"कापल्यावर जगंल?" आबांनी विचारलं.

"जगेल... दोन-चार वर्षं तरी रेंगाळेल."

"आन् फुललं तर?"

"फुललं की मरतं. तुम्हीच सांगितलं होतंत."

"व्हय..."

आबांची नजर दांड्यावरून वर छतापर्यंत गेली.

निरंजनला आठ दिवस धड झोप नव्हती. मुठीएवढं पिल्लू होतं तेव्हापासून सव्वीस वर्षं त्यानं हे झाड तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो छाती काढून सांगे, माझ्या हातून आजवर एक झाड गेलेलं नाही. आता हे जाणार, या धास्तीनं त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

"आण ती करवत," आबा म्हणाले.

निरंजनला हायसं वाटलं. त्याच्या स्वतःच्या हातून ते झालं नसतं. त्यानं शिडी लावली आणि खाली घट्ट धरून उभा राहिला.

आबा सावकाश चढले. दांड्याच्या मध्यावर आले, पण थांबले नाहीत. शेंड्यापाशी पोचले, तिथल्या काचेची लाकडी पट्टी चाचपली आणि तिच्यावर करवत ठेवली.

"आबा... छत कापताय?"

करवत चालू राहिली.

"आबा, पाऊस आत येईल. खालच्या सगळ्या कुंड्या सडतील."

"मग उचलून ठेव त्या. त्या उचलता येत्यात."

पट्टी सुटली. आबांनी काच अलगद बाजूला सारली, आणि दबून वाकलेला शेंडा चौकटीतून बाहेर निघाला. वारा आत शिरला. आबांनी दुसरी पट्टी कापायला घेतली.

निरंजनची पकड सैल झाली आणि शिडी डुगडुगली. इतक्या वर्षांत कुणापुढं न बोललेलं त्याच्या तोंडून निघून गेलं.

"आबा, मला भीती वाटतेय. मरेल हो ते..."

 वरून भुसा त्याच्या केसांवर पडत राहिला.

मग आबा म्हणाले, "शिडी नीट धर, निरंजना. त्याला अजून धा हात वर जायाचंय."