काकानं बसवलेली घडी

युरोपात, डोंगरांच्या बेचक्यात, ग्राल्डेन नावाचं एक चिमुकलं राज्य होतं. तिथल्या राजघराण्याच्या मूळपुरुषाचं डोकं चांगलं भोपळ्याएवढं. मुकुट त्याच्याच मापाचा घडवलेला, आणि पुढे कोणी तो लहान करायचा नाही, असा घराण्याचा दंडक. टोप्या विकणारा साधा माणूसही सांगेल, की एका मापात सगळी डोकी बसत नाहीत. पण राजेलोकांना सांगणार कोण?

मग त्यांनी तोड काढली. राज्याभिषेकाच्या दिवशी मुकुटाच्या आत मखमलीची जाड घडी बसवायची. ते काम राजाच्या सर्वांत जवळच्या नातलगाचं. मग नव्या राजानं मुकुट घालून वेदीपासून चर्चच्या दारापर्यंत चालत जायचं, मुकुटाला हात न लावता. वाटेत तो पडला, तर राज्य त्याच नातलगाला! ज्याचा फायदा त्याच्याच हाती तराजू. असला व्यवहार बाजारात कोणी करणार नाही. आणखी एक नियम होता. राजाच्या डोक्यावरच्या मुकुटाला दुसऱ्या कोणी हात लावला, तर त्याचा आणि त्याच्या वंशाचा गादीवरचा हक्क कायमचा बुडाला. मागे भावाभावांनी मुकुटाची ओढाओढ केली होती, तेव्हापासूनचा तो.

राजा वारला तेव्हा त्याचा मुलगा एमेरिख आठ वर्षांचा होता. सर्वांत जवळचा नातलग म्हणजे काका, गॉटफ्रीड. लढाया सगळ्या यानं मारल्या, गादी मात्र थोरल्या भावाला, आणि आता त्याच्या पोराला. मनात सल होताच. तो सरदार हार्टविगनं नेमका डिवचला.

"सरकार, घडी पातळ ठेवा. बाकीचं मुकुटच करील. पोराला मठात धाडू. पाद्रीबाबा सांभाळतील की!"

गॉटफ्रीडनं घडी पातळ ठेवली.

चर्च खचाखच भरलं होतं. काका पुतण्याच्या मागे एका पावलावर, हीही रीतच. मुकुट डोक्यावर आला तसा पोरगा मानेत वाकला. पहिल्याच पावलाला मुकुट कपाळावर घसरला. लोक टाचा उंचावून पाहू लागले. खांबापाशी उभा हार्टविग तेवढा मिशीतल्या मिशीत हसत होता.

अर्ध्या वाटेवर मुकुट एका कानावर कलला. पोराचा एक डोळा झाकला गेला. तो थांबला. गॉटफ्रीडची नजर मुकुटावर खिळली. आता एकच पाऊल. मग राज्य आपलं, आपल्या मुलाबाळांचं.

मान न हलवता पोरगा कुजबुजला, "काका, घडी तुम्हीच बसवलीत ना?"

गॉटफ्रीड म्हणाला, "हो, बाळ."

"मग नाही पडायचा."

आणि त्यानं बिनधास्त पाऊल टाकलं. मुकुट सटकला.

कोणीतरी किंचाळलं. पण फरशीवर सोनं आपटल्याचा आवाज काही आला नाही. गॉटफ्रीडचा पंजा मुकुटावर होता, आणि मुकुट पोराच्या डोक्यावर.

हार्टविग धावत आला. "अहो, काय केलंत हे! सोडा तो हात!"

"आता सोडून काय उपयोग?" गॉटफ्रीड म्हणाला. "हक्क तर बुडाला. दारापर्यंत तरी नीट पोचवू द्या. व्हा बाजूला!"

काका-पुतणे तसेच चालत निघाले. सरदार-दरकदार वाट सोडून मागे सरकले. दाराबाहेर लोकांचा जयजयकार उसळला, तेव्हा पोरानं हळूच विचारलं, "काका, तुमचा हात का थरथरतोय?"

"मुकुट जड आहे, महाराज," गॉटफ्रीड म्हणाला.

तात्पर्य एवढंच: जो आपल्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो त्याला फसवणं सगळ्यांत सोपं असतं, म्हणूनच माणसाची खरी पारख तिथे होते, आणि हातून चूक झालीच, तर ती सावरताना स्वतःचं काय बुडतं ते पाहू नये.