ठकूआत्याची ओढ

डोंगराच्या अलीकडं, उगवतीला, एक उघडा माळ आहे. त्या माळावर तरवडी नावाची धनगरांची वाडी आहे. तिथं अजून सडक पोचली नव्हती आणि खिंडीकडं जाणारी वाट मेंढरांच्या खुरांनीच पाडलेली होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी, आणि ज्याचं कुणी लांब गेलंय त्यानं जरा पुढं सरकून बसावं.

तरवडीवर पाऊस कधी पोटभर पडला नाही. ढग यायचे, ते डोंगरापलीकडंच रिते व्हायचे. दिवाळी झाली की माळावरचं गवत संपायचं आणि सगळी वाडी मेंढरं घेऊन खिंडीतून खाली कोकणात उतरायची. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, मागं कुत्री. ती माणसं परत यायची ती मृग लागताना. तान्ही पोरं आईच्या पाठीला बांधून जायची, मोठी पोरं कळपामागं चालत जायची. मधली पोरं मात्र मागं राहायची. ती चालायला लहान होती आणि उचलायला जड. त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या हवाली करून आईबाप निघून जायचे.

त्या वाडीत ठकू नावाची एक बाई होती. तायाप्पा धनगराची बायको. तिला एकच मुलगा, धुळा. तो मोठ्या पोरांत गणला गेला त्या वर्षी पहिल्यांदा बापासंगं कळपामागं गेला. परतीच्या वाटेवर खिंडीत धुकं दाटलं. मेंढरं वाडीत आली, तायाप्पा आला, धुळा आला नाही. तायाप्पा पायातलं पायताणही न काढता तसाच मागं फिरला, आणि मग तोही आला नाही.

ठकू दारात बसली. किती वर्षं बसली ते कुणाला सांगता येत नाही. असं म्हणतात, तिच्या उंबऱ्याला तिच्या बसण्याचा खळगा पडला होता. ती कुणाशी बोलायची नाही. धुळाची लहानपणची कुंची तेवढी मांडीवर घेऊन खिंडीकडं बघत राहायची.

तिच्या शेजारी कोंडाचं घर होतं. एका वर्षी कोंडानं आपली लेक सगू बहिऱ्या सासऱ्यापाशी ठेवली आणि ती तान्ह्याला पाठीशी बांधून कळपासंगं गेली. सगू रडली. सकाळी रडली, संध्याकाळी रडली, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. ठकूला ऐकू यायचं, पण ती उठली नाही. मागं राहिलेली पोरं रडतात, हे वाडीला नवं नव्हतं.

मग एक दिवस सगूचं रडणं थांबलं. आणि रडणं ऐकून कधी न उठलेली ठकू त्या दिवशी उठली.

पोरगी भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात भाकरी तशीच पडलेली.

"काय गं, रडंना का झालीस?"

"कुणासाठी रडू?" सगू म्हणाली. "मला आईचं त्वांडच दिसंना झालंय."

ठकू तिच्यापुढं खाली बसली. कारण धुळाचं तोंड तिलाही दिसेनासं होत चाललं होतं, आणि ही गोष्ट तिनं आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

घरातल्या दांडीवर कोंडाचं एक विटलेलं, फाटलेलं लुगडं लोंबत होतं. ठकूनं ते ओढून काढलं.

"हे तुझ्या आईचंच न्हवं?"

सगूनं लुगड्यात तोंड खुपसलं.

"त्वांड इसरलं तर इसरू दे," ठकू म्हणाली. "आपण हाताला ठावं करून ठेवू. चल माझ्यासंगं."

तिनं पोरीला आपल्या सोप्यात नेऊन बसवलं. लुगड्याच्या काठातून दोरा उपसला, सुईत ओवला, सुई तिच्या बोटांत दिली आणि तिच्या हातावर आपला हात ठेवून पहिला टाका घातला. मग दुसरा. टाके वाकडे पडले, बोटातून रक्त आलं, दोऱ्याचा गुंता झाला. दुपार उतरली तेव्हा सगू सुई धरून मध्येच थांबली आणि ओरडली, "आत्या! आईच्या हनुवटीवर तीळ हाय!"

त्या दिवशी तिनं भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिच्यासंगं आणखी दोघं आली, आईची लुगडी काखेत मारून. मग आणखी आली. एका पोराला आई नव्हती, त्यानं बापाचं धोतर आणलं. जेवणवेळ टळली की ठकूआत्याचा सोपा पोरांनी भरून जायचा. पोरी होत्या तशी पोरंही होती. म्हाकू नावाचा एक म्हातारा काठी आपटत दारात आला आणि म्हणाला, "ठके, उद्या काठी धरायची तर पोरं सुई धराय लागली. ही काय रीत झाली?"

ठकूनं वर बघितलंसुद्धा नाही. "म्हाकूतात्या, तुमची बंडी पाठीत उसवलीय. काढा, तुमचा नातू शिवंल."

नातवानं शिवली. म्हातारा ती बंडी मरेपर्यंत घालत होता.

ठकूचं शिकवणंही तिच्यासारखंच होतं. ती पोरांना विचारायची, "कळप वाटनं कसा चालतो?"

"एकामागं एक."

"ढकलाढकली करतो?"

"न्हाई."

"मग टाकाबी तसाच चालू दे."

आधी ती दांड घालायला शिकवायची, म्हणजे फाटकं काढून लुगड्याचे चांगले भाग जोडायला. मग थरावर थर घालून वाकळ मांडायची. वाकळ कडेनं शिवायला लागायचं आणि फिरत फिरत आत जायचं. कुणाला सुई टोचली तर ती बोट धरायची आणि म्हणायची, "रड. बोटासाठी रडतूयास तवर आईसाठीबी रडून घे." पोरं पोटभर रडायची, नाक पुसायची आणि पुढचा टाका घालायची. मृग जवळ येईपर्यंत ज्याची त्याची वाकळ पुरी व्हायची. आईच्या लुगड्याची वाकळ पांघरून पोरं शांत झोपायची.

माणसं परत आली तेव्हा एक नवल कळलं. कोंडा लेकीला पोटाशी धरून सांगायला लागली, "आगं, कोकणात रोज दुपारी माझा पदर कुणीतरी ओढायचं. काटा लागला आसंल म्हणून बगावं, तर काटा न्हाई. आन् ओढला की हीच डोळ्यांम्होरं उभी."

दुसरी म्हणाली, "माझाबी!" तिसरी नुसती रडली. पोरं इकडं सुई ओढायची आणि तिकडं, दोन डोंगर आणि एक खाडी पलीकडं, आयांचे पदर ताणले जायचे. असं म्हणतात.

ठकूनं हे ऐकलं आणि ती घरात गेली. त्या दिवसापासून पोरं घरोघर गेली की ती धुळाची कुंची काढायची आणि तिच्यावर टाके घालायची. कुठं फाटलेली नसतानाच घालायची. टाका घातला की दोरा हलक्या हातानं ओढून बघायची. पलीकडं कुणाला लागतंय का, कोण सांगणार? वर्षं गेली. कुंचीवर टाक्याला जागा उरली नाही, तेव्हा ती टाक्यावर टाका घालायला लागली. कापड दिसेना, नुसता दोराच दिसायला लागला.

आणि मग ते वर्ष आलं.

सगूचं ते मागं राहण्याचं शेवटचं वर्ष होतं. मृग लागला, पण कळप आला नाही. वाडीतली म्हातारी माणसं रोज खिंडीकडं बघायची. खिंडीत धुकं शिरलं होतं ते हलायचं नाव घेत नव्हतं. एका सकाळी धुक्यातून कोंडाचा घोडा आला. पाठीवर बिऱ्हाड होतं, बिऱ्हाडावर कोंबड्या होत्या. घोड्यासंगं माणूस मात्र नव्हतं.

म्हाताऱ्यांनी ओळखलं. कळप खिंडीवर आलाय आणि धुक्यात वाट चुकलाय. एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगालाही कडाच. दोघे-तिघे हाका मारत वर गेले आणि तसेच परत आले. "हाक तोंडातून निघती आन् तिथंच इरघळती," ते म्हणाले. "आपला हात आपल्याला दिसंना."

पोरं ठकूआत्याच्या दारात गोळा झाली. कुणाला बोलवावं लागलं नाही. तीच जागा त्यांना ठाऊक होती.

"आत्या, आता काय करायचं?"

ठकू खिंडीकडं बघत होती. असल्याच धुक्यानं तिचा धुळा नेला होता. तेव्हा तिनं काही केलं नव्हतं, कारण काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

"ज्याची त्याची वाकळ आणा," ती म्हणाली. "कडंला कड लावा आन् शिवा. सगळ्यांनी एकदम."

पोरांनी वाकळा आणल्या. एकीला एक जोडत, मोठ्यांनी लहानांना सुई ओवून देत, ती शिवायला बसली. जोडलेल्या वाकळा सोप्यात मावेनात, म्हणून अंगणात आल्या. अंगणातून बोळात, बोळातून माळावर, खिंडीच्या रोखानं. म्हातारी माणसंही बसली, म्हाकूसुद्धा बसला. आणि अर्ध्यावर दोरा संपला. लुगड्यांचे काठ संपले, घरातल्या सुतळ्या संपल्या. पोरं रिकाम्या सुया धरून आत्याच्या तोंडाकडं बघायला लागली.

ठकू घरात गेली आणि धुळाची कुंची घेऊन आली. तिच्या लेकाचं तेवढंच उरलं होतं. तिनं ती एकदा नाकाशी धरली. मग सुईच्या टोकानं पहिला टाका उसवला.

"आत्या, नगं," सगू म्हणाली.

"धर टोक," ठकू म्हणाली.

सगूनं टोक धरलं आणि ठकू उसवत गेली. असं म्हणतात, त्या वीतभर कुंचीतून निघणारा दोरा संपेचना. पोरं तोडून तोडून सुया ओवत होती, माळावर धावत जाऊन जोडत होती, आणि ठकूच्या मांडीवरून दोरा येतच होता. शेवटी हातात एक विरलेलं फडकं राहिलं आणि तेही वाऱ्यानं उडालं. तोवर वाकळ खिंडीच्या पायथ्याला पोचली होती.

"आता ओढा," ठकू म्हणाली.

पोरांनी वाकळेची कड धरली आणि ओढली.

वर धुक्यात माणसं एकमेकांना धरून उभी होती. पाऊल टाकायची सोय नव्हती. तेवढ्यात सगळ्या बायांचे पदर एकदम ताणले, आणि सगळे एकाच अंगाला. बाया कधी नव्हत्या तशा पुरुषांच्या पुढं झाल्या. त्यांच्या मागं पुरुषांनी त्यांचे हात धरले, पुरुषांमागं मेंढरं आली, मेंढरं हाकायला कोंडा तेवढी शेवटी राहिली, आणि धुक्यातून ती रांग पावलापावलानं खाली उतरली. कुणी पडलं नाही. एक कोकरूसुद्धा गेलं नाही.

पायथ्याला एकच कल्लोळ झाला. जो तो आपलं पोर शोधून छातीशी धरत होता. ठकू त्या गर्दीतून फिरत होती. ती प्रत्येकाला एकच विचारत होती, "मागं कुणी होतं का? मागं कुणी राहिलं का?"

"न्हाई आत्या, समदी आलो," सगळे म्हणाले.

कोंडानं मात्र नजर चुकवली. ती रांगेच्या शेवटाला होती. ठकूनं तिचा दंड धरला.

"कोंडे, सांग."

"आत्या," कोंडा म्हणाली, "माझ्या मागनं कुणीतरी चालत हुतं. हलक्या पायाचं. पोरासारखं. खिंडीपस्नं पायथ्यापतुर."

"मग?"

"म्या वळून बगितलं न्हाई. पदराची ओढ तुटंल, म्हणून भ्याले." आणि कोंडा तिच्या पायाशी बसून रडायला लागली. "आत्या, म्या बगायला पायजे हुतं."

ठकूनं तिला उठवलं. असं म्हणतात, तिच्या तोंडावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. किती वर्षांनी तिला कुणीतरी सांगितलं होतं, की तो येत होता. तिची ओढ पोचली होती.

तिनं कमरेची सुई काढून सगूच्या हातात दिली. "उद्या जेवणवेळ टळली की पोरं येतील. दार लावू नगंस."

"आन् तू?"

"जाते. पोरगं वाटंत उभं आसंल."

तिनं वाकळेचं टोक खांद्यावर घेतलं आणि ती धुक्यात चालत गेली. माणसं मागं धावली, पण दहा पावलांवर ती दिसेनाशी झाली. वाकळ मात्र बराच वेळ सरकत राहिली. सोप्यातून निघाली, अंगणातून गेली, बोळातून गेली, माळावरून गेली. मग तिचं शेवटचं टोकही धुक्यात शिरलं. संध्याकाळी धुकं उठलं तेव्हा खिंड मोकळी होती. ठकू नव्हती, वाकळ नव्हती, कड्याखालीही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळ टळल्यावर सगूनं दार उघडं ठेवलं आणि पोरं आली.

तरवडीत अजून ठकूआत्याचं देऊळ नाही. कुणी बांधायला निघालं तर जुनी माणसं नको म्हणतात. तिचा सोपा मात्र आहे. त्याला दार होतं, ते काढून टाकलंय. कळप गेल्यावर मागं राहिलेली पोरं दुपारी तिथं जमतात आणि ज्याला येतं तो ज्याला येत नाही त्याला शिकवतो. आता माणसं ट्रकमधूनही जातात, खिशात फोन असतो, आईचं तोंड रोज दिसतं. तरी पोरं आईचं लुगडं, साडी, जे असेल ते घेऊन येतात.

आणि खिंडीतून परत येताना तरवडीची शेवटची बाई थांबते आणि मागं वळून बघते. कोंडाच्या वेळेपासून ही रीत आहे. काय दिसलं ते तिनं कुणाला सांगायचं नसतं, आणि कुणी विचारतही नाही. पण तिथून पुढं, पोर समोर दिसत असलं, हाका मारत असलं, तरी ती बाई वाडीत शिरेपर्यंत हळूहळू चालते. मागनं येणाऱ्यांना गाठता यावं म्हणून.