चिकाचा दोर

फार पूर्वी, एका खोल दरीच्या काठी दोन भाऊ राहत होते. झाडांचा चीक वितळवायचा आणि त्याचा दोर ओढायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. दरीवर बांधलेल्या त्या दोराला पाळणा अडकवून माणसं पलीकडे जात. ज्यानं दोर ओढला त्यानंच आधी पाळण्यात बसायचं, अशी गावाची रीत होती. त्यामुळे कामात लबाडी करायची कुणाची छाती होत नसे.

त्यांचा बाप सांगायचा, "पोरांनो, चिकात न दिसणाऱ्या वेली असतात." आज आपण त्यांना रेणू म्हणतो. ताटातल्या शेवयांसारखे लांबलचक, एकमेकांत गुंतलेले. काही झाडांच्या चिकातले रेणू सरळ असतात. ते शेजाऱ्यांमधून सरपटत वाट काढतात आणि चीक मुकाट्यानं वाहतो. काहींना मात्र फांद्या फुटलेल्या. त्यांना आधी एकेक फांदी आत ओढून घ्यावी लागते, तेव्हा कुठे ते तसूभर सरकतात. असा चीक भारी हट्टी. पण त्याचा गुंता सहजासहजी सुटत नाही, म्हणून दोराला तोच हवा.

थोरल्याची बायको पहिल्या बाळंतपणासाठी पलीकडे माहेरी गेली होती. इकडे जुना दोर कुजला म्हणून भावांनी तो उतरवला, आणि नेमका त्याच सकाळी पलीकडच्या टेकडीवर धूर दिसला. दरी इतकी रुंद की हाक पोचत नसे. धूर म्हणजे 'ताबडतोब या'. थोरल्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

कढई चढली. हट्टी चीक तळाच्या भोकातून मुंगीच्या पावलांनी उतरू लागला. थोरला लाकडं सारू लागला.

"दादा, जाळ आवर," धाकटा म्हणाला. "आबा म्हणायचे ना, चिकाला त्याचा वेळ द्यावा. संध्याकाळपर्यंत होईल."

"संध्याकाळपर्यंत? तिकडे ती जगते की मरते, आणि मी इथे चिकाची समजूत काढत बसू?"

त्यानं चुलीत होती नव्हती ती लाकडं कोंबली. चीक काळवंडला, धुरकटला आणि एकाएकी पाण्यासारखा धावू लागला.

"बघ! वाहतोय की नाही?"

वाहणारच. जाळानं रेणू तुटून आखूड झाले होते. आखूड रेणू झरझर सरकतात, कारण त्यांना कुणी धरून ठेवत नाही. पण मग तेही कुणाला धरत नाहीत. एवढी साधी गोष्ट थोरल्याला ठाऊक नव्हती असं नाही. भीतीपुढे त्याला ती आठवली नाही, इतकंच.

दुपारी दोर तयार झाला. पलीकडच्यांनी तो दरीवर कायम टांगलेल्या सुतळीनं ओढून घेऊन खांबाला बांधला. थोरला पाळण्याकडे धावला, तर धाकट्यानं त्याचा दंड धरला.

"थांब दादा, आधी मी जातो."

"ही रीत नव्हे. दोर मी ओढलाय."

"रीत राहू दे. तुला बाप व्हायचंय." आणि तो पटकन पाळण्यात बसलासुद्धा. त्या काळ्या दोराचा त्याला भरवसा नव्हता. पण भाऊ ऐकणार नाही, हेही तो जाणून होता.

पाळणा दरीच्या मध्यावर गेला आणि दोर वाळक्या काटकीसारखा कडकन मोडला. "दादा!" एवढी एकच हाक वर आली.

दुसऱ्या दिवशी थोरल्यानं पुन्हा कढई चढवली. जाळ मंद ठेवला. चीक हळूहळू उतरत राहिला आणि तो डोळे पुसत दोर ओढत राहिला. संध्याकाळी तो एकटाच पाळण्यात बसला. दोर जराही कुरकुरला नाही.

सासुरवाडीला पोचला, तर बायको बाळाला मांडीवर घेऊन हसत बसलेली. धूर आनंदाचा होता.

"मीच म्हटलं, धूर करा, म्हणजे लवकर येतील," ती म्हणाली. "आणि भावोजी कुठे राहिले? बाळाचं नाव त्यांनीच ठेवायचंय."

बाळंतिणीला कुणी काही सांगितलं नव्हतं. थोरल्यानं बाळ उचलून छातीशी धरलं आणि दरीकडे तोंड फिरवलं.

तात्पर्य: गुंता जाळून टाकला की वाट लवकर मोकळी होते, पण माणसाला पेलून धरतो तो गुंताच.