भरलेल्या नांग्या

फार पूर्वी, एका डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. तिथे घरोघरी मांडवावर कृष्णफळाच्या वेली चढलेल्या असत आणि त्यांच्या रसाळ फळांवर गावाचं पोट चाले.

या गावाला आपल्या गच्च भरलेल्या ओळींची भारी ऐट. ओळीतलं रोप मरून जागा रिकामी राहिली, की तिला नांगी म्हणत. विंचवाच्या नांगीला भ्यावं तसे लोक या नांगीला भीत. रोप मेलं की लगेच तिथे दुसरं लावायचं. ते का मेलं, हे विचारायला मात्र कुणाला सवड नव्हती.

एका वर्षी मर रोग आला. मुळं कुजली, वेली उभ्या वाळल्या. गावाने परगावाहून तीन नव्या जाती आणल्या आणि पारखायला थोरल्या माळणीकडे दिल्या, कारण तिच्या हाताला यश होतं. बजावलं एवढंच, "फळ किती धरतं, चव कशी आहे आणि रोगापुढे कोण टिकतं, ते बघ. मरेल ती मरू दे."

मदतीला तिची धाकटी जाऊ होती. वाटणीत धाकटीला उताराचा एक तुकडा मिळाला होता, तेवढाच तिचा आधार. गाव जी जात निवडील, तीच ती लावणार होती.

ठिपकेदार जात पहिल्याच बहरात बाद झाली. फळं ढीगभर, पण फोडली तर नुसती साल. उरल्या दोन. पिवळी आंबट, पण भरघोस. जांभळी गोड, आणि वास असा की वाटेचा माणूस थांबावा. थोरलीचा जीव जांभळीवर जडला.

पावसाळ्यात जांभळीची एक वेल सुकली. थोरलीने ती उपटली आणि परसात वाढवलेली त्याच वयाची वेल तिथे आणून लावली. मग दुसरी सुकली, मग तिसरी.

"जाऊबाई, मरेल ती मरू दे म्हणालेत ना?" धाकटीने विचारलं.

"म्हणून नांगी ठेवू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

"पिवळीच्या ओळीत तर ठेवलीत."

तिथलं एक रोप बकरीने खाल्लं होतं.

"त्या आंबटतोंडीचं कुणाला कौतुक?" थोरली म्हणाली.

पारखणीच्या दिवशी सगळा गाव जमला. वेलीखाली आपोआप गळून सुरकुतलेली पिकली फळं लोकांनी फोडून चाखली. जांभळीला सगळे वाहवा म्हणाले, आणि तिची ओळही गच्च भरलेली. पिवळीच्या ओळीत नांगी.

"ही रोगट दिसते," एक म्हातारा म्हणाला.

थोरली पदर सावरत राहिली. धाकटीच्या ओठांवर आलं होतं, पण चारचौघांत मोठ्या जावेला खोटं कसं पाडायचं? ती गप्प बसली. त्याच दुपारी लोकांनी पिवळीच्या वेली मुळासकट उपटून जाळल्या, आणि गावभर, धाकटीच्या तुकड्यातही, जांभळी लागली.

पुढच्या पावसात गावभर जांभळी मरू लागली. लोकांनी सवयीने नांग्या भरल्या. भरलेल्याही मेल्या. शेवटी लावायला रोप उरलं नाही आणि सगळे मांडव उघडे पडले.

तेव्हा चावडीवर थोरली रडत म्हणाली, "जांभळी तेव्हाही मरत होती. मी वेली बदलत होते."

"आणि पिवळी?"

"तिला रोग शिवलाही नव्हता. ती नांगी बकरीची होती."

कुणी तिला शिवी दिली नाही. म्हाताऱ्याने पिवळीचं बी कुठे मिळेल म्हणून विचारलं. ते गावात कुणाकडेच नव्हतं, आणि परगावीही आता मिळत नव्हतं.

धाकटीने भांडी बांधली. खालच्या मुलखात दुसऱ्याच्या रानात राबायला जायचं ठरलं होतं. थोरली दारात आडवी आली. "जाऊ नकोस गं. माझ्या वाट्यातली अर्धी जमीन घे."

"त्या मातीत आता काय लावू, जाऊबाई? तुम्ही झाकलंत, मी बघत राहिले. दोघींनी मिळून माझा संसार उपटला."

ती गेली, ती परत आली नाही. घरांच्या ओळीत तिचं दार बंदच राहिलं. येताजाता थोरलीला ती नांगी दिसे, आणि ती भरायला तिच्या परसात काही नव्हतं.

तात्पर्य: पारखताना मेलेलं झाकू नये, आणि झाकलेलं बघून गप्पही बसू नये. रिकाम्या जागेचं कारण न विचारता जो ती भरतो, तो पुढच्या सगळ्या जागा रिकाम्या करतो.