भाला मेस्तरीचा खारा हंडा

खारवणे गावात समुद्राला अगदी चिकटून एका मेस्तरीचं घर होतं. भाला मेस्तरी त्याचं नाव आणि होड्या बांधणं हे त्याचं काम. त्याच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एक मोठा हंडा होता. हंड्यात कायम समुद्राचं पाणी. मेस्तरी हट्टी, आणि हंडा त्याच्याहून हट्टी!

त्याचं असं होतं. होडीसाठी खिळे आणले, बिजागरी आणली, नाहीतर नुसता एखादा स्क्रू आणला, तरी भाला तो आधी हंड्यात टाकायचा. भरपूर दिवस बुडवून ठेवायचा. मग काढून, पुसून, उन्हात धरून बघायचा. गंजाचा एवढासा ठिपका दिसला तरी सगळा माल परत! दुकानदार हात जोडायचे. "अहो मेस्तरी, नवा कोरा माल आहे. चकाकतोय बघा कसा!"

त्यावर भालाचं उत्तर ठरलेलं. "समुद्राला चकाकी दिसत नाही."

म्हणूनच भालाने बांधलेली होडी लोक डोळे मिटून खोल पाण्यात न्यायचे.

त्या गावात एक छान रीत होती. नवी होडी पाण्यात उतरली की तिच्या जाळ्यात आलेली पहिली मासळी मेस्तरीच्या घरी जायची. टोपली भरभरून बांगडे! त्या दिवशी भालाची ताई आणि भावोजी शहरातून यायचे, खळ्यात पानं मांडली जायची, हसणं-खिदळणं चालायचं. नुसती धमाल!

पण ही धमाल आयेच्या वाट्याला यायची नाही. आये म्हणजे भालाची आई, द्वारकाबाई. बांगड्यांना हळद, तिखट आणि कोकमाचं आंबट आगळ चोळून ती चुलीपुढे बसायची आणि एकेक बांगडा निखाऱ्यांवर भाजायची. धूर डोळ्यांत, धूर नाकात. पदराने डोळे पुसत ती गरम गरम बांगडे पंगतीत धाडायची. पंगत उठायची, सगळे ढेकर देत ओटीवर जाऊन बसायचे, आणि मग आये एकटीच जेवायला बसायची. तिच्या पानात काय? जळका, गार झालेला, कुणी न घेतलेला बांगडा. कुणी हळहळलंच तर म्हणायची, "अरे, मला जळकाच आवडतो!"

सगळ्यांनी ते खरं धरलं होतं. खरं धरणं सोयीचं होतं ना!

एकदा मात्र भालाने आयेचे डोळे नीट पाहिले. लाल झालेले, सुजलेले. तो तडक बायकोकडे, रोहिणीकडे गेला.

"बास झालं! आता आयेला एक भेट द्यायची. अख्ख्या घराची मिळून एकच, पण जंगी. गॅसचं ग्रिल! खिडकीला बसवतात ते नव्हे हं, मासे भाजायचं. धूर नाही, राख नाही, बटण फिरवलं की जाळ. पुढच्या होडीला आये आपल्याबरोबर पंगतीत बसणार. बसणार म्हणजे बसणारच!"

रोहिणीने तर टाळीच वाजवली. त्या दिवसापासून दोघांना दुसरा विषय नाही. आये जवळ आली की दोघं गप्प, आये गेली की पुन्हा कुजबुज सुरू. आयेला वाटलं, या दोघांचं काहीतरी बिनसलंय. बिचारीने देवाला नारळसुद्धा बोलला!

भाला तालुक्याच्या दुकानात गेला. तिथे दोन ग्रिलं शेजारी शेजारी उभी होती. एक लालचुटुक. त्याचं झाकण आरशासारखं, बटणांना निळे दिवे, खाली चाकं, बाजूला ताटं ठेवायला फळी. बघतच राहावं असं! दुसरं काळपट, ठेंगणं आणि जडशीळ. आत बिडाची जाड जाळी, खाली स्टीलचे जाड पाय. ना दिवा, ना रंग.

दुकानातल्या बाईंनी विचारलं, "कुठे ठेवणार, दादा?"

"खळ्यात. समोर समुद्रच आहे."

"मग ते काळं न्या. खाऱ्या वाऱ्याला तेच पुरून उरेल."

आता हे भालाला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं! सवयीने त्याचा हात लाल ग्रिलच्या पायाकडे गेलासुद्धा, टिचकी मारून पत्र्याची जाडी बघायला. पण तेवढ्यात त्याच्या डोळ्यांपुढे भावोजी उभे राहिले. गेल्या खेपेला भावोजींनी आयेसाठी पाठ चेपून देणारी विजेची खुर्ची आणली होती. ती बघायला अख्खा गाव लोटला होता! जो तो "वा! वा!" करत होता. आता त्या खुर्चीवर मांजर झोपतं, ती गोष्ट निराळी. पण "वा" तर मिळाली होती! आणि हे काळं ठेंगणं बघून कोण "वा" म्हणणार?

भालाने पुढे केलेला हात खिशात घातला. "लाल बांधा!" तो म्हणाला.

ग्रिल घरी आलं. आयेला कळू नये म्हणून भालाने ते होड्या बांधायच्या मांडवात, ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवलं. वर दोऱ्या आवळल्या. कुणी उघडून बघायचं नाही, अशी सक्त ताकीद!

रोहिणीने हळूच विचारलं, "अहो, याचा एखादा स्क्रू तरी हंड्यात घालून बघितलात का?"

"वेडी आहेस का? भेट कधी कुणी मिठात बुडवतं का?"

मांडवात रात्रंदिवस खारा वारा वाहत होता. ताडपत्रीच्या फटींतून तो आत शिरत होता, आणि त्याला कुणाची ताकीद नव्हती.

अखेर नवी होडी पाण्यात उतरली. काय तो दिवस! होडीला फुलांच्या माळा, पुढे ढोल, मागे पोरांचा गोंगाट. दुपारी टोपलीभर बांगडे घरी आले, तेही असे ताजे की उन्हात चांदीसारखे लखलखत होते. ताई आली, भावोजी आले, शेजारपाजारचे आले. आये नेहमीसारखी चुलीकडे निघाली, तर भालाने तिला हाताला धरून खळ्याच्या मधोमध आणलं.

"आये, आजपासून चूल बंद! हे बघ!"

त्याने झटक्यात ताडपत्री ओढली. सगळे श्वास रोखून बघत होते.

आरशासारख्या झाकणावर तांबूस चट्टेच चट्टे! चाकांवर गंज, बिजागऱ्यांवर गंज. निळ्या दिव्यांपैकी एकही लागेना. भालाच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्याने हसून बटण फिरवलं. जाळ मात्र भुर्रकन पेटला! "पेटलं, पेटलं!" पोरं ओरडली. भालाला पुन्हा हुरूप आला. त्याने जाळीवर बांगडे ओळीने मांडले आणि झाकण लावायला गेला, तर झाकणच हातात आलं! तोल सांभाळायला त्याने ग्रिलला धरलं आणि ग्रिलचा एक पाय मट्कन वाकला. जाळीवरचे सगळे बांगडे घसरून वाळूत! रोहिणीने धावत जाऊन गॅस बंद केला, म्हणून बरं. पण कावळे आणि मांजरं कुठून आली, देव जाणे. आयेच्या खुर्चीत झोपणारं मांजर सगळ्यांत पुढे!

पोरं खो खो हसत सुटली. भावोजींनी मिशीतल्या मिशीत हसत म्हटलं, "मेस्तरी, माझी खुर्ची आणि तुमचं ग्रिल. जोडा छान शोभतो हो!"

आये तेवढी हसली नाही. तिने उरलेले बांगडे टोपलीतून काढले, भालाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे रे बाबा. माझ्या चुलीला काय धाड भरलीये?" आणि ती पुन्हा धुरात जाऊन बसली.

त्या दिवशी भालाने पान बाजूला सारलं. सगळे पांगल्यावर त्याने पाहिलं, आये एकटीच जेवत होती आणि तिच्या पानात जळका बांगडा होता. भाला उठला आणि हंड्यापाशी जाऊन बसला. परक्याच्या होडीचा खिळासुद्धा आपण या पाण्यात बुडवून घेतो. आणि आईची वस्तू? ती तेवढी भावोजींच्या डोळ्यांनी पारखून घेतली! त्याला स्वतःची अशी लाज वाटली, अशी लाज वाटली, की विचारू नका.

पण लाजून बसून राहिला तर तो भाला कसला! सकाळी उठून तो थेट दुकानात. "बाई, त्या काळ्या ग्रिलचा एक स्क्रू आणि एक बिजागरी द्या. घरी नेऊन बुडवणार आहे."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी दिली.

आता भालाचा सगळा जीव हंड्यात! उठला की हंडा, जेवला की हंडा. पाण्यात हात घालून बिजागरी काढायची, बघायची, पुन्हा टाकायची. एके दिवशी त्याने ती नीट पुसली, उन्हात धरली आणि आनंदाने उडीच मारली. "रोहिणी! अगं, नुसता ठिपकासुद्धा नाही!"

काळं ग्रिल घरी आलं. या वेळी ताडपत्री नाही, दोऱ्या नाहीत. भालाने ते चक्क खळ्यात, समुद्राच्या तोंडावर, उघड्यावर उभं केलं.

"हे काय रे?" आयेने विचारलं.

"होडीचं सामान आहे, आये."

"बरं झालं," आये म्हणाली आणि तिने त्याच्यावर ओलं लुगडं वाळत घातलं! हिवाळाभर ते ग्रिल खारा वारा खात उभं राहिलं. भाला तेवढा आठवण ठेवून बिडाच्या जाळीला तेल चोळायचा. आयेसुद्धा आपल्या बिडाच्या तव्याला असंच तेल चोळत आली होती.

होळीच्या आधी दुसरी होडी पाण्यात उतरली. पुन्हा ढोल, पुन्हा बांगडे, पुन्हा ताई आणि भावोजी! भालाने ग्रिलवरचं लुगडं घडी करून आत ठेवलं, गॅस जोडला, बटण फिरवलं. निळा जाळ एका ओळीत उभा राहिला. पाय हलला नाही, झाकण सुटलं नाही, धूर म्हणावा तर नावाला!

भावोजींनी मान उंचावून पाहिलं. "एवढंच? आम्हाला वाटलं, या वेळी विमान आणताय!"

कुणीही "वा" म्हटलं नाही. आणि गंमत म्हणजे भालाचं तिकडे लक्षही नव्हतं. त्याचं सगळं लक्ष आयेकडे. ती पदर खोचून ग्रिलकडेच यायला निघाली होती.

"इकडे कुठे? आये, तुझं पान तिकडे मांडलंय. भावोजींच्या शेजारी. बांगडे आज मी भाजणार."

"अरे, पण मी..."

"बस म्हटलं ना!"

आये संकोचून पंगतीत बसली. भालाने पहिला बांगडा उचलला. खरपूस, टम्म फुगलेला, वाफा निघणारा. तो त्याने भावोजींच्या पानात नाही, आयेच्या पानात वाढला. आयेने बोटं भाजत एक तुकडा मोडला, फुंकर घालून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. सगळी पंगत तिच्याकडे बघत होती.

"वा!" आये म्हणाली.

मग तिने डोळे पुसले, आणि आज तर डोळ्यांत धूर गेलाही नव्हता. "बांगडा गरम कसा लागतो, तेच विसरले होते रे मी," ती म्हणाली. "आणखी एक वाढ. आणि बघ हं, जळका नको!"

तात्पर्य: भेट बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी घेऊ नये, वापरणाऱ्याच्या सुखासाठी घ्यावी, आणि परक्यांच्या कामाला जी पारख लावतो, ती आपल्या माणसाच्या वस्तूला आधी लावावी.