खांद्यावरची दुमड

"मग देऊ ना कापायला, गुरुजी?"

शिन्पेईनं परत विचारलं. गुरुजी मठासाठी झाडू बघत होते, काड्या वाकवून वाकवून.

क्योतोतली जुनी गल्ली. एका अंगाला झाडू, पंखे, बांबूच्या टोपल्या. समोर काचेचं दुकान, त्यात लेटेस्ट काळी जॅकेटं.

शिन्पेईच्या बगलेत त्याचा लहानपणचा निळा रेशमी किमोनो होता. आईनं शिवलेला. आई गेली, घर गेलं, हा मठात आला, तेव्हा सोबत एवढंच आलं होतं.

जॅकेटवाल्या ताई म्हणाल्या होत्या, जुनं रेशीम आण, कापून जॅकेटच्या पाठीवर लावून देते. सध्या तेच चालतंय.

"पेटीत कसर लागण्यापेक्षा बरं," शिन्पेई म्हणाला. "आणि वस्तूत जीव अडकवू नये, तुम्हीच शिकवता."

"मग दे की."

"देतोच आहे."

…

पण बगलेतला किमोनो काही सुटेना.

गुरुजी झाडू घेऊन त्याच्यासोबत काचेच्या दुकानात शिरले. "एकदा अंगात घाल बघू."

"पाच वर्षांचा होतो तेव्हाचा आहे. घातला तर माकड दिसेन."

"तसाही दिसतोसच."

ताई फिस्सकन हसल्या. गुरुजींनी त्यांची कात्री मागून घेतली, किमोनो काउंटरवर पसरला. कात्री सरळ खांद्यावर गेली.

"अहो गुरुजी, नको…"

कच्.

कापड नाही, दोरा तुटला. खांद्यावरची दुमड सुटली आणि बाही वीतभर खाली आली. दुमडीच्या आतला निळा रंग अजून कोरा करकरीत.

दर नव्या वर्षाला आई त्याला दाराशी उभं करायची. वाढला असेल तेवढी दुमड उसवायची, परत टाके घालायची. "हलू नकोस रे, सुई टोचेल." आणि हा टोचलेली नसतानाच बोंब मारायचा. ती दरवेळी दचकायची. दरवेळी.

गुरुजींनी दुसरा खांदाही उसवला. शिन्पेईनं टी-शर्टवरच किमोनो चढवला. बाह्या कोपरापाशी थांबल्या, खालची कड गुडघ्यापाशी.

केस रंगवलेला एक पोरगा दारात थबकला. "भावा, हे कुठल्या दुकानातलं?"

शिन्पेईनं किमोनोची कड मुठीत धरली.

"हे… मिळत नाही."

ताईंनी त्याच्यासाठी काढलेलं जॅकेट परत खुंटीला अडकवलं.

"अजून तोकडाच आहे, गुरुजी," शिन्पेई नाक पुसत म्हणाला. "आत आणखी एक दुमड लागतेय हाताला. तीपण सोडा ना."

गुरुजींनी कात्री ताईंच्या हातात दिली आणि झाडू खांद्यावर टाकला.

"ती राहू दे. अजून वाढायचायस."