रणदुर्गे सूटमधली होडी

वरंडी बंदरावरच्या हॉटेलातली सर्वांत महाग खोली समुद्राकडे तोंड करून आहे. तिचे नाव रणदुर्गे सूट. दिग्दर्शक भास्कर रणदुर्गे यांच्या गाजलेल्या चित्रपटावरून ती सजवली आहे. कापडी पाठीची खुर्ची, तिपाईवरचा कॅमेरा आणि पलंगाच्या डोक्याशी भिंतभर छायाचित्र: काळी लाट, तिच्या माथ्यावर होडी, होडीत एक माणूस. हॉटेलच्या माहितीपत्रकात ‘धाडसी चित्रण’ असे छापले आहे. धाडस कोणाचे, ते छापलेले नाही. ते बंदरावरचे म्हातारे काशीनाथ नाखवा सांगतात.

“तो पोशा तांडेल. आन् लाट खरी हाय.”

रणदुर्गे ऐन आषाढात आले, म्हणे. त्यांना खवळलेला दर्या हवा होता आणि त्यात जाणारी होडी. पण नारळी पुनवेला नारळ वाहिल्याशिवाय इथे कोणी होडी लोटत नाही.

“मग पुनव आपण आजच करू,” रणदुर्गे म्हणाले.

“दर्या काय तुमच्या कंपनीत कामाला हाय का, साहेब?” एका म्हाताऱ्याने विचारले. सगळे हसले, आणि हसता हसता तयार झाले. पोशा म्हणाला, “मी खडकापरेंत जाईन. म्होरं नाय.”

खरा नारळ कॅमेऱ्यात चमकत नव्हता, म्हणून कागदाच्या लगद्याचा मोठा नारळ करून त्याला सोनेरी मुलामा दिला. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. “चांगुणे, नवरा हिरो झाला तुजा! आता तुला वळखायचा नाय,” म्हणून त्यांनी पोशाच्या बायकोला चिडवले.

मग दर्याला घालायचे गाऱ्हाणे सुरू झाले, आणि तिथेच चूक झाली. गाऱ्हाणे खोटे गाता येते हे कोणाला ठाऊकच नव्हते. बायकांनी दर्यापुढे पदर पसरले, म्हातारे वाळूत गुडघ्यांवर आले. गाणे संपले तेव्हा दर्याला विचारून झाले आहे, असे साऱ्या गावाला वाटले. पोशालाही वाटले. त्याने नारळ सोडला आणि होडी लोटली.

होडी खडकाशी पोचली, तेव्हा चांगुणेच्या पायाशी लाटेने काहीतरी आणून टाकले. फुगून फुटलेला, मुलामा गेलेला कागदाचा गोळा. ती पाण्यात धावली. “परत फीर! पोशा, परत फीर!”

तिच्यामागे रणदुर्ग्यांच्या हातात भोंगा होता. “अजून पुढे! थोडं अजून!”

वाऱ्यात बायकोचा आवाज विरला. भोंग्याचा पोचला. पोशाने हात उंचावून होकार दिला, असे सांगतात. ते छायाचित्र त्यानंतरच्या क्षणाचे आहे. प्रेत मिळाले नाही.

चित्रपट तालुक्याच्या टॉकीजला लागला, तेव्हा चांगुणा गेली. खडक दिसताच उभी राहून ओरडली. लोकांनी तिला बाहेर काढले. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. शेजारणींनी समजावले तर म्हणाली, म्हणे, “तवा भोंगा होता गं. शिनेमात त्याचा आवाज नाय. आता माजा ऐकू जाईल.” शेवटी त्या शेजारणीही तिच्याबरोबर ओरडायला जाऊ लागल्या.

चांगुणा वारून कैक वर्षे झाली. आजही नारळी पुनवेच्या संध्याकाळी वरंडीचे कोळी वाळूत दोन वाशांना पांढरे कापड बांधून तो चित्रपट लावतात. गाणी चालू असतात तोवर गप्पा, चहा, पोरांचा दंगा. खडक दिसला की म्हातारेकोतारेसुद्धा उठतात, आणि सारा किनारा एका आवाजात ओरडतो, “पोशा, परत फीर!”

सूटच्या सज्जातले पाहुणे टाळ्या वाजवतात. खाली कोणी वर पाहत नाही. सगळ्यांचे डोळे कापडावर असतात. पोशा हात उंचावतो आणि पुढे जातो.